राजाने सही नाकारली आणि दीड दिवस देशाला राजाच नव्हता! कॅथलिक श्रद्धा, कायदा आणि दुबळ्या माणसाचा प्रश्न

साल १९९०. देश बेल्जियम.

संसदेने काही अटींसह गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मंजूर केला. आता एकच काम बाकी होतं, राजाची सही. तसं बघायला गेलं तर ही निव्वळ औपचारिकता. संसदेने कागद पाठवायचा आणि राजाने सही करायची, असा तिथला वर्षानुवर्षांचा रिवाज.

पण राजे बोदुआँ कट्टर कॅथलिक. त्यांनी पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स यांना पत्र लिहून कळवलं की, ही सही माझ्या मनाला पटत नाही, मी करणार नाही. देशात प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, मग ते एकट्या राजालाच का नसावं, असा त्यांचा सवाल होता. त्याच पत्रात त्यांनी हेही सांगितलं की, माझ्यामुळे लोकशाहीचं काम अडू नये. तुम्ही काहीतरी कायदेशीर वाट काढा.

वाट निघाली. राजा कारभार पाहायला असमर्थ असेल तर काय करायचं, याचं एक कलम बेल्जियमच्या राज्यघटनेत होतं. दुसऱ्या महायुद्धात बोदुआँ यांचे वडील राजे लिओपोल्ड तिसरे जर्मनांच्या ताब्यात सापडले, तेव्हा हेच कलम वापरलं गेलं होतं. मार्टेन्स सरकारने ते पुन्हा बाहेर काढलं. एप्रिलच्या सुरुवातीला राजाला ‘असमर्थ’ ठरवण्यात आलं, मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या आणि ५ एप्रिलला संसदेने मतदान करून राजाला परत गादीवर बसवलं. जेमतेम दीड दिवसाचा मामला.

काहींना हा माणूस तत्त्वाचा वाटला. काहींनी विचारलं, कायदा तर झालाच, मग राजाने वाचवलं काय? स्वतःचं मन आणि स्वतःचा मुकुट? २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस ब्रसेल्सला गेले, बोदुआँ यांच्या समाधीपाशी थांबले आणि त्यांना संतपदाकडे नेणारी प्रक्रिया सुरू करायची असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यावरून बेल्जियममध्ये पुन्हा वाद पेटला.

चौतीस वर्षांनीही हा वाद का शमत नाही? कारण त्यामागचा प्रश्न एका राजापुरता नाही. कायदा करणारा माणूस श्रद्धाळू असेल, तर दुबळ्यांच्या बाबतीत त्याचं कर्तव्य काय? आणि मुळात दुबळा कोण, हे ठरवायचं कुणी?

चर्चचं नेमकं म्हणणं काय आहे?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कॅथलिक आमदार-खासदारांनी सगळ्यांना रविवारी मिस्सेला जायची सक्ती करावी, असं चर्च म्हणत नाही. (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांत हाच शब्द वापरतात.) धर्माच्या बाबतीत सरकारने कुणावर जबरदस्ती करू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लेखी मान्य केलं आहे.

चर्चचा मुद्दा वेगळा आहे. कुणाचा जीव घेणं, कामगाराची मजुरी बुडवणं, निर्वासिताला दारातून हाकलणं, या गोष्टी चर्चच्या मते फक्त कॅथलिकांसाठी चुकीच्या नाहीत. त्या माणूस म्हणूनच चुकीच्या आहेत. म्हणून कायद्याने तिथे दुबळ्याच्या बाजूने उभं राहावं, अशी चर्चची मागणी आहे.

याचं मूळ मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तिथे शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रश्न विचारले जातात ते भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्या माणसाला भेटलास का, असे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र काढून कारखान्यातल्या कामगारांची बाजू घेतली आणि सरकारने गरिबांकडे विशेष लक्ष द्यायला हवं, असं सांगितलं. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ही यादी वाढत गेली. न जन्मलेलं मूल, म्हातारा, अपंग, स्थलांतरित, फाशीचा कैदी.

यादी एका दमात वाचायला सोपी आहे. खरी पंचाईत मतदानाच्या वेळी होते.

केनेडींचं वचन आणि क्युओमोंची पळवाट?

अमेरिकेत कॅथलिक नेत्याकडे फार काळ संशयाने पाहिलं जायचं. १९२८ मध्ये अल स्मिथ हे मोठ्या पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. हा माणूस पोपच्या हुकुमाने देश चालवेल, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध झाला आणि ते हरले.

म्हणून १९६० मध्ये जॉन केनेडी थेट ह्यूस्टनला प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत गेले. १२ सप्टेंबरला त्यांनी तिथे सांगितलं की, सार्वजनिक प्रश्नांवर मी चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च माझ्या वतीने बोलत नाही. त्यांचं एक वाक्य मात्र लोक विसरतात. कधी पद आणि सद्सद्विवेक यांच्यात खरोखर पेच पडला, तर आपण राजीनामा देऊ, असंही ते म्हणाले होते.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि प्रश्न अंगाशी आला.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि श्रद्धाळू कॅथलिक. १३ सप्टेंबर १९८४ ला नॉट्रे डेम या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी एक गाजलेलं भाषण केलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. गर्भपाताबद्दलची चर्चची शिकवण मी माझ्या घरात मानतो. पण तीच शिकवण सगळ्यांसाठी कायदा व्हावी की नाही, हा वेगळा, व्यवहाराचा प्रश्न आहे. चर्चला घटस्फोट मान्य नाही, गर्भनिरोधकं मान्य नाहीत, तरी त्यांवर बंदी आणा असा आग्रह कुणी धरत नाही. समाजात एकमत नसताना लादलेली बंदी टिकत नाही.

‘वैयक्तिकरीत्या विरोध, पण कायद्याने बंदी नको’ ही भूमिका तेव्हापासून शेकडो नेत्यांनी उचलली.

पण क्युओमो यांच्या कारकिर्दीत आणखी एक गोष्ट घडत होती. न्यूयॉर्कचं विधिमंडळ दरवर्षी फाशीची शिक्षा परत आणायचा कायदा करायचं आणि क्युओमो दरवर्षी तो नाकारायचे. असं त्यांनी सलग बारा वर्षं केलं. लोकमत फाशीच्या बाजूने होतं, तरी ते हलले नाहीत. १९९४ ची निवडणूक ते हरले, त्यात हा मुद्दाही होता. पुढच्याच वर्षी नव्या गव्हर्नरने फाशीच्या कायद्यावर सही केली.

टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. फाशीच्या वेळी एकमताची वाट पाहिली नाही, मग गर्भपाताच्या वेळीच का? क्युओमोंचे समर्थक म्हणतात, फाशी सरकार स्वतःच्या हाताने देतं आणि गर्भपाताचा निर्णय बाई घेते, हा फरक मोठा आहे. दोन्ही बाजूंनी वाद घालायला जागा आहे. मात्र नेता कुठल्या दुबळ्यासाठी मतं गमवायला तयार होतो, हे या बारा वर्षांत स्पष्ट दिसलं.

रॉबर्ट केसी नावाचा अडचणीचा माणूस

त्याच पक्षात पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी होते. तेही कॅथलिक. त्यांनी गर्भपातावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि त्यावरचा खटला १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांच्याच नावाने गाजला. त्या वर्षी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांना भाषण करू दिलं नाही. गर्भपातावरच्या भूमिकेमुळे डावललं, असं केसींचं म्हणणं. त्यांनी पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबाच दिला नव्हता, असं पक्षातल्या लोकांचं म्हणणं.

याच केसींनी त्याच १९९२ मध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी आरोग्य विमा योजना सुरू केली. पाच वर्षांनी अमेरिकेने देशभरासाठी अशी योजना आणली, तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा नमुना समोर होता. मूल जन्माला यावं असा कायदा करायचा असेल, तर जन्मल्यावर त्याच्या औषधपाण्याचीही सोय सरकारने करावी, असा हा हिशोब.

शिकागोचे आर्चबिशप जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये हाच विचार मांडला होता. गर्भ, अणुयुद्ध, फाशी, गरिबी, म्हातारपण हे सगळे प्रश्न त्यांना एकाच अखंड विणलेल्या वस्त्रासारखे वाटत. एक धागा ओढून बाकीचे सोडता येत नाहीत. यात गर्भपाताचा मुद्दा इतरांच्या रांगेत बसून पातळ होतो, अशी तक्रार चर्चमधल्याच अनेकांनी केली. तो वाद आजही चालू आहे.

पूर्ण नाही, तर निदान थोडं तरी?

समजा, एखाद्या कॅथलिक सदस्याला कायदा पूर्ण बदलायचा आहे, पण तेवढी मतं नाहीत. समोर आलेल्या विधेयकाने वाईट गोष्ट थांबणार नाही, फक्त कमी होईल. मग काय करायचं?

याचं उत्तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हँजेलिअम व्हीटे’ या पत्रात दिलं. सदस्याचा मूळ गोष्टीला असलेला विरोध सगळ्यांना माहीत असेल, तर नुकसान कमी करणाऱ्या विधेयकाला तो पाठिंबा देऊ शकतो. म्हणजे राजकारणातली तडजोड चर्चलाही मान्य आहे, फक्त ती तडजोड दुबळ्याच्या बाजूला सरकणारी हवी.

पण समोर दोन जीव असतील तर?

आयर्लंड, आणि बेळगावच्या एका मुलीचा मृत्यू

आयर्लंडने १९८३ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेत दुरुस्ती केली. आई आणि पोटातलं मूल, दोघांना जगण्याचा समान हक्क. कागदावर न्याय्य वाटावी अशी ओळ.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एक ३१ वर्षांची भारतीय दंतवैद्य गॉल्वे शहरातल्या रुग्णालयात दाखल झाली. माहेर बेळगावचं. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला होता आणि मूल वाचणार नाही, हे स्पष्ट होतं. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. आठवड्याभरात जंतुसंसर्ग रक्तात पसरून तिचा मृत्यू झाला. चौकशीत उपचारांतल्या हलगर्जीपणावर ठपका आला आणि कायद्याच्या संदिग्धपणावरही बोट ठेवलं गेलं. बेळगावपासून डब्लिनपर्यंत लोक रस्त्यावर उतरले.

या घटनेने प्रश्नाची दुसरी बाजू जगासमोर आणली. दुबळ्याला वाचवायला केलेल्या कायद्याखाली रुग्णालयातल्या खाटेवरची बाईच दुबळी ठरली होती.

तेव्हा पंतप्रधान होते एंडा केनी. नियमित मिस्सेला जाणारे कॅथलिक. आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारं विधेयक त्यांनी २०१३ मध्ये आणलं. बिशपांनी विरोध केला, धमकीवजा पत्रं आली. केनींनी संसदेत सांगितलं की, मी कॅथलिक आहे हे खरं, पण पंतप्रधान मी सगळ्यांचा आहे.

त्यांच्याच सरकारमधल्या राज्यमंत्री लुसिंडा क्रेटन याही कॅथलिक. विधेयकातलं आत्महत्येच्या धोक्याबद्दलचं कलम त्यांना मनापासून पटत नव्हतं. त्यांनी पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं. मंत्रिपद गेलं, संसदीय पक्षातून हकालपट्टी झाली. जागा मात्र राहिली. आपल्याकडे हे घडलं असतं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी-खासदारकीच धोक्यात आली असती. गोव्यातला कॅथलिक आमदार असो की महाराष्ट्रातला कुठल्याही धर्माचा, पक्षादेश निघाला की सद्सद्विवेकाला फारशी जागा उरत नाही.

केनी आणि क्रेटन. धर्म एक, पक्ष एक, मतं दोन. दोघांनाही आपण दुबळ्याचीच बाजू घेतोय, असं वाटत होतं. २०१८ मध्ये आयरिश जनतेने ६६.४ टक्के मतांनी ती जुनी दुरुस्ती रद्द केली.

चर्चपुढेही आरसा

केनींची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आयर्लंडमधल्या क्लॉइन धर्मप्रांतात धर्मगुरूंनी लहान मुलांचं लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी कशा दाबल्या गेल्या, याचा अहवाल २०११ मध्ये आला. तेव्हा याच केनींनी संसदेत उभं राहून व्हॅटिकनवर जाहीर कोरडे ओढले. आयर्लंडच्या पंतप्रधानाने असं बोलणं तोवर कल्पनेबाहेरचं होतं. २०१३ मध्ये त्यांनी मॅग्डालेन लॉन्ड्रीजमधल्या स्त्रियांची सरकारच्या वतीने माफी मागितली. नन चालवत असलेल्या या धुलाईकेंद्रांत हजारो मुली आणि बायकांना कोंडून बिनपगारी राबवलं गेलं होतं, आणि सरकारचाही त्यात हात होता.

दुबळ्यांच्या बाजूने उभं राहा, ही चर्चचीच शिकवण. ती पाळताना एका कॅथलिक नेत्याला चर्चलाच जाब विचारावा लागला.

प्रसाद नाकारायचा की नाही?

आता अलीकडचा वाद. मिस्सेत भाविक ‘कम्युनियन’ घेतात, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानला जाणारा प्रसाद. गंभीर पापात उघडपणे आणि हट्टाने राहणाऱ्याला तो देऊ नये, असा चर्चचा नियम आहे. मग गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मत देणाऱ्या नेत्याला तो द्यावा का?

२०२२ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी नॅन्सी पेलोसी यांना कम्युनियन नाकारलं. पुढच्याच महिन्यात पेलोसींनी पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीतल्या मिस्सेत, व्हॅटिकनमध्ये, ते घेतलं. नियम एकच असला, तरी तो लावण्याबद्दल चर्चमध्येच एकमत नाही, हे जगाला दिसलं.

प्रश्न गर्भपातापुरताही नाही. टिम केन हे व्हर्जिनियाचे कॅथलिक गव्हर्नर. फाशीला त्यांचा वैयक्तिक विरोध, तरी कायदा पाळायची शपथ घेतली म्हणून त्यांच्या काळात अकरा जणांना मृत्युदंड दिला गेला. २०१८ मध्ये चर्चने आपल्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचं लिहिलं. फाशीचं समर्थन करणाऱ्या नेत्यांना कम्युनियन नाकारा, अशी मोहीम मात्र क्वचितच ऐकू येते.

स्थलांतरितांचंही तसंच. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचे कॅथलिक उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी जुन्या ख्रिस्ती विचाराचा दाखला दिला. आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देश आणि त्यानंतर बाकीचं जग, अशी प्रेमाची उतरंड असते. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं आणि कुणाचंही नाव न घेता दयाळू शोमरोनीच्या गोष्टीची आठवण दिली. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसासाठी थांबणाऱ्या वाटसरूची ती गोष्ट.

सप्टेंबरमध्ये सगळे धागे एकत्र आले. शिकागोच्या धर्मप्रांताने सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल पुरस्कार द्यायचं ठरवलं. डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, म्हणून अनेक बिशप भडकले. पत्रकारांनी नवे पोप लिओ चौदावे यांना विचारलं. ते स्वतः शिकागोचे. ते म्हणाले की, सिनेटरचं एकूण काम पाहायला हवं. गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा देणारा माणूस खरोखर जीवनाच्या बाजूचा नाही. स्थलांतरितांना अमानुष वागणूक देणं ज्याला चालतं, त्याच्याबद्दलही त्यांनी हीच शंका घेतली. त्याच दिवशी डर्बिन यांनी पुरस्कार नाकारला.

मग बातमी वाचताना काय बघायचं?

अमेरिकेत दोन्ही मोठ्या पक्षांनी दुबळ्यांची यादी आपापसात वाटून घेतल्यासारखं दिसतं. एकाकडे न जन्मलेलं मूल, दुसऱ्याकडे स्थलांतरित आणि फाशीचा कैदी. पूर्ण यादी घेऊन उभा राहणारा केसीसारखा माणूस दोन्हीकडे अडचणीचा ठरतो. दुसरीकडे, गर्भवती बाईचं नाव यादीत कुठे लिहायचं, हे चर्चच्या भूमिकेला होणाऱ्या विरोधाचं मूळ आहे आणि तो प्रश्न बिशपांनाही टाळता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही धर्माचा नेता श्रद्धेचा हवाला देऊन कायद्याबद्दल बोलेल, तेव्हा शेअर करण्याआधी तीन गोष्टी तपासा. या कायद्याने ज्याचा आवाज संसदेत पोहोचत नाही अशा कुणाचं भलं होतंय आणि कुणाचं नुकसान? आज जे तत्त्व सांगितलं, तेच तत्त्व हा नेता आपल्या मतदारांना न आवडणाऱ्या दुबळ्यासाठीही वापरतो का? आणि त्यासाठी त्याने स्वतः काय गमावलं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाषणात सापडत नाही. त्यासाठी मतदानाची नोंद काढून बघावी लागते.